‘साधंच काहीतरी’ म्हणजे नेमकं काय?

या आठवड्याचं पत्र डोंबिवलीहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ३९ वर्षांच्या, नोकरी परळला. सकाळी साडेसातच्या आसपासची लोकल गाठायची, घरी परतायला पावणेआठ. नवऱ्याचं ऑफिस ऐरोलीला, तो साडेआठला येतो. घरात अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांनी जेरीस आणलेल्या सत्तरीच्या सासूबाई, मूळच्या राजापूरकडच्या. स्वयंपाकाच्या बाई गणपतीत गावी गेल्या त्या परत आल्याच नाहीत. सकाळचे डबे कसेबसे होतात, पण रात्री आठवड्यातून तीन-चार वेळा बाहेरून मागवलं जातं. पार्सल आलं की सासूबाई एक शब्द न बोलता स्वतःपुरता ताकभात कालवून घेतात. “त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं,” असं ताई लिहितात. नवरा म्हणतो, “एवढं कशाला करतेस, साधंच काहीतरी कर.” ताईंनी मोबाइलमध्ये दोनशेच्या वर झटपट पाककृती साठवल्या आहेत. त्यातल्या चार करून पाहिल्या. ‘पंधरा मिनिटांत’ होणाऱ्या एका भाजीला सव्वा तास लागला. मुलांना घरचं खाऊ घालता येत नाही याची टोचणी आहे. त्यांची मागणी अशी: अर्ध्या तासात होणारा, एकही पदार्थ परत न येणारा महिनाभराचा मेन्यू द्या. शेवटी ताजा कलम आहे: सासूबाईंचे भाऊ दर मे महिन्यात गावाहून कुळथाचं पीठ पाठवतात, ते कोणी वापरत नाही, दिवाळीपर्यंत त्याला जाळी लागते आणि टाकावं लागतं. त्याचं काही करता येईल का?

ताई,

महिनाभराचा मेन्यू मी देणार नाही. तीस पदार्थांची नावं बसल्या जागी लिहून देता येतील, त्यात काही नाही. पण दोनशे पाककृती तुमच्याजवळ आहेतच. दोनशेंनी जे झालं नाही ते माझ्या तिसांनी कसं होणार?

तुम्ही लिहिलंय की घरी आल्यावर खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता तुम्ही फ्रिज उघडून उभ्या राहता. आत अर्धा कोबी, तीन टोमॅटो, सकाळच्या डब्यांसाठी भिजवलेल्या कणकेतला उरलेला गोळा, वाटीभर वरण. फ्रिज ‘दार लावा’ म्हणून वाजायला लागतो तरी तुम्ही उभ्याच. त्या दोन-तीन मिनिटांत तुमच्या डोक्यात काय चालतं ते मी सांगते, कारण मीही बावीस वर्षं ठाण्याहून गाडीला लोंबकळत फोर्टात नोकरी केली आहे. धाकटीला कोबी चालत नाही. काल भातच झाला होता. आईंना रात्री वातूळ नको. डाळ भिजवलेली नाही. हे साडेआठला येतील आणि “आज काय?” विचारतील. एवढी सगळी गणितं जुळवून उत्तर शून्य आलं की हात मोबाइलकडे जातो. तुम्हाला दमवतंय ते हे ठरवणं. कुकर लावून कोणी इतकं दमत नाही.

आणि म्हणून “साधंच काहीतरी कर” हे वाक्य दिसतं तितकं साधं नाही. म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, मला शंका नाही. पण ‘साधं’ त्याने सांगितलं आणि ‘काहीतरी’ तुमच्या पदरात टाकलं. खरं काम त्या ‘काहीतरी’त असतं.

तुमच्या मागणीतल्या ‘एकही पदार्थ परत न येणारा’ या शब्दांवर मी अडले. हे कोणी ठरवलं? मुलांनी? माझा अनुभव असा की मुलांना तोच पदार्थ पुन्हा आला तर बरंच वाटतं. आपल्याकडे ‘आज काय करू’ हा प्रश्न पूर्वी निम्मा वारच सोडवायचे. सोमवारी कुणाचा तरी उपास, तो रात्री मुगाच्या खिचडीवर नाहीतर वरणभातावर सुटायचा. बुधवारी मासे, रविवारी मटण, संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत सगळे ताटकळलेले, चातुर्मासात कांदा-लसूण फडताळाबाहेर. त्यात श्रद्धा होतीच, पण सोयही होती. बाईला रोज संध्याकाळी नव्याने डोकं चालवावं लागत नव्हतं. उपास-तापास करा असं मी सुचवत नाही. त्यातली सोय मात्र उचला: सोमवार ते शुक्रवारच्या पाच रात्री पाच पदार्थांना वाटून टाका आणि दोन-तीन महिने त्याला हात लावू नका. सोमवार म्हटलं की खिचडी. मंगळवार म्हटलं की तुमच्या त्या कुळथाच्या पिठाची पिठी. कंटाळा आला तर कंटाळा येऊ द्या. कंटाळा परवडतो.

दुसरी अडचण ताटाची. ‘घरचं जेवण’ म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर डावी-उजवी बाजू वाढलेलं ताट आहे असं पत्रावरून वाटतं: पोळी, भाजी, आमटी, भात, कोशिंबीर. ते सकाळचं ताट आहे, ताई. रात्रीही तेच सगळीकडे असायचं असं मला तरी आठवत नाही. आमच्याकडे रात्री मऊ भात आणि मेतकूट, किंवा भाकरी-पिठलं, किंवा सकाळची उरलेली पोळी कुस्करून फोडणीला. पाहुणे आले तरच चूल दुसऱ्यांदा सगळी पेटायची. तुमच्या सासूबाईंना एकदा सहज विचारून बघा, “आई, तुमच्याकडे राजापूरला रात्रीचं काय असायचं?” तक्रारीच्या सुरात नको, खरंच माहीत करून घ्यायचं म्हणून. पार्सल आल्यावर त्या ताकभात कालवतात याचा अर्थ तुम्ही ‘मुकाट्याने टोमणा’ असा लावलात. तसा असेलही. पण सत्तरीच्या बाईला रात्री साडेआठला पनीर-नान झेपत नसेल आणि ताकभातच हवा असेल, ही शक्यता तुम्ही तपासलेली नाही.

आणि ‘पूर्वी सगळं घरीच व्हायचं’ ही टोचणी तर काढूनच टाका. तुम्ही परळला नोकरी करता. त्याच परळ-लालबागच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून एकटे आलेले हजारो गिरणी कामगार वर्षानुवर्षं खानावळीत जेवले. त्यांना जेवू घालणाऱ्या बायका घरातच वीस-पंचवीस माणसांचं रांधायच्या. त्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. म्हणजे दुसऱ्या बाईच्या हातची पोळी विकत घेऊन खाणं ही आपल्या पिढीची घसरण नाही. तुमच्या गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्रातून रात्रीपुरत्या आठ-दहा पोळ्या आणल्या तर घरचं जेवण बाद होत नाही. पोळ्या हेच रात्रीच्या स्वयंपाकातलं सगळ्यात वेळखाऊ काम आहे. ते विकत घ्या, आमटी घरी करा. उलट करू नका. विकतची भाजी तेलकट आणि एकाच चवीची असते, पोळीत फारसं काही बिघडत नाही.

आता ‘पंधरा मिनिटां’बद्दल. त्या पाककृतीत कांदा आधीच चिरलेला असतो, आलं-लसूण वाटलेलं असतं, मटार सोललेले असतात आणि भांडी घासायला दुसरं कोणी असतं. घड्याळ फोडणीपासून चालू होतं. तुमचा सव्वा तास हाच खरा वेळ आहे, तुम्ही हळू नाही आहात. तेव्हा पदार्थ निवडताना किती मिनिटं लिहिलीत ते बघूच नका. किती गोष्टी चिराव्या लागतात आणि किती भांडी लागतात एवढं बघा. चिरायचं एकच आणि भांडी दोन, याच्या वर गेलं तर तो पदार्थ शनिवारचा.

या कसोटीला उतरणारं खाणं आपल्या आज्यांनी कधीच करून ठेवलं आहे आणि ते पिठांच्या डब्यांत आहे. भाजून दळलेलं धान्य म्हणजे निम्मं शिजलेलं धान्य. मेतकूट घ्या: हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, थोडे गहू भाजून, त्यात हळद-हिंग-जिरं घालून दळलेलं, गरम भातावर नुसतं भुरभुरवायचं. डांगर घ्या: भाजक्या उडदाचं पीठ दह्यात कालवायचं, वर कांदा, गॅस लावायचाच नाही. सातूचं पीठ, भाजणी, सगळी त्याच घरातली. ‘इन्स्टंट’ हा शब्द यायच्या कितीतरी आधीचं हे इन्स्टंट आहे, आणि तुमच्या घरात त्याचा डबा दर मे महिन्यात पोचतो. तुम्ही तो जाळी लागेपर्यंत ठेवून टाकता आणि मला झटपट पाककृती विचारता! रागावू नका, मला हसू आलं म्हणून लिहिलं.

तर पिठी. तुम्हा पाचजणांना चार मोठे चमचे कुळथाचं पीठ आणि साडेचार-पाच वाट्या पाणी. आधी कुकर लावा, भात थोडा मऊच, तांदळाच्या तिप्पट पाणी. तो गॅसवर चढला की दुसऱ्या शेगडीवर पिठी. पीठ अर्ध्या वाटी गार पाण्यात कालवून घ्या, गुठळ्या बोटांनी मोडा. गरम पाण्यात थेट घातलंत तर गोळे होतील आणि मग रवी लागेल. कढईत दीड चमचा तेल, त्यात सहा-सात लसणाच्या पाकळ्या नुसत्या ठेचून, सालासकट चालतील. लसूण कडेने तांबूस झाला की हिंग, हळद, तिखट, आणि तिखट करपायच्या आत पाणी. उकळी आली की एका हाताने कालवलेलं पीठ धार धरून ओता, दुसऱ्या हाताने ढवळत राहा. मीठ, तीन-चार आमसुलं, ओलं खोबरं असेल तर मूठभर, नसेल तर नाही. मग सात-आठ मिनिटं रटरटू द्या. सुरुवातीला मातकट, कच्चट वास येतो. तो जाऊन लसणाचा वास वर आला आणि कढईच्या कडेला जाडसर साय धरल्यासारखी झाली की गॅस बंद. ताटात येईपर्यंत ती घट्ट होते, म्हणून पातळच उतरवायची. तोवर कुकरची वाफ जिरलेली असते. चिरायचं काही नाही, भांडी दोन. कुळथात शंभर ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे कुठल्याही डाळीच्या तोडीची, तेव्हा ‘आज भाजी नाही’ म्हणून खंतावू नका. काकडी नाहीतर टोमॅटो हातात द्या.

आणि जाळीचं असं की कोकणातून आलेलं पीठ डोंबिवलीच्या पावसाळी हवेत ओट्यावरच्या डब्यात टिकणारच नाही. आलं त्या दिवशीच ते अर्ध्या-अर्ध्या किलोच्या घट्ट पिशव्यांत भरा आणि एक फ्रिजमध्ये, बाकीच्या फ्रीजरमध्ये. ओला चमचा घालायचा नाही. आठवड्याला एकदा पिठी झाली तर दिवाळीपर्यंत टाकायला काही उरणार नाही.

सोमवारच्या खिचडीत मला सांगण्यासारखं एकच आहे: डाळ वाढवा. आपण सवयीने तांदूळ दोन आणि डाळ एक घेतो. एकाला पाऊण करा, जमलं तर निम्मी-निम्मी. तांदळात जे कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीत जे कमी ते तांदळात, म्हणूनच ही जोडी इतकी वर्षं टिकली. फोडणी कुकरातच करायची, गाजर-मटार-दुधी जे असेल ते मोठे तुकडे करून त्यातच. पाणी पाचपट. चार शिट्ट्या. वरून तूप. बाजूला ताक, भाजलेला पापड. संपलं.

तुमच्या फ्रिजमधला कणकेचा गोळा आणि वाटीभर वरण, ज्यांच्याकडे बघत तुम्ही उभ्या होतात, ती खरं तर वरणफळं आहेत. काही घरांत चकोल्या म्हणतात. वरण चांगलं पातळ करायचं, वाटीला तीन-चार वाट्या पाणी, गोडा मसाला, चिंच-गूळ, मीठ, तिखट, आणि खळखळा उकळी. गोळ्याच्या दोन जाड पोळ्या लाटून सुरीने शंकरपाळ्यांसारखे तुकडे करायचे आणि एकेक करून उकळत्या वरणात सोडायचे. सगळे एकदम टाकले तर चिकटून त्यांचा गोळाच होतो. आठ-दहा मिनिटांत तुकडे फुगून वर येतात, एक मोडून बघायचा, आत पांढरं दिसलं नाही की झालं. खोलगट वाडग्यात, वर तुपाची धार. तुकडे कापायचं काम तुमच्या धाकटीला द्या, बोथट सुरीने. स्वतः कापलेलं मूल स्वतः खातं, त्याला विनवण्या लागत नाहीत. यासाठी सकाळच्या कुकरमध्ये तूरडाळ रोज दीडपट लावा आणि फोडणी न देता उरलेली फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी रात्री संपवायची, पुढे नाही.

अंडी चालत असतील तर गुरुवार किंवा शुक्रवार त्यांचा. कांदा-खोबऱ्याचं वाटण परतून रस्सा उकळा, आच मंद करा आणि अंडी उकडत-सोलत न बसता थेट त्यात फोडून सोडा, एकेक, अंतर ठेवून. वर झाकण. सहा-सात मिनिटं ढवळायचं नाही, बलक घट्ट झाला की उतरवा. सोबत केंद्रातल्या पोळ्या किंवा पाव. घरात सुकी मासळी चालत असेल तर जवळाही असाच हाताशी येणारा: कोरडा भाजून, धुऊन, कांद्यावर परतला की दहा मिनिटांत तोंडीलावणं तयार. पण वासाबद्दल शेजारी काय म्हणतील याची जबाबदारी माझी नाही.

थालीपीठ मात्र मी तुमच्या पाच रात्रींत मुद्दाम घालत नाही. सगळे ते झटपट म्हणून सांगतात. एकट्या माणसाला असेल. पाचजणांची दहा थालीपिठं, प्रत्येकाला चार-पाच मिनिटं, म्हणजे एका तव्यावर पाऊण तास उभं राहणं, आणि बाकीचे खाऊन उठले की शेवटचं तुमच्या वाट्याचं. शनिवारी दोन तवे लावून करा. भाजणीत किसलेला कोबी घाला. तुमच्या धाकटीला पत्ता लागणार नाही.

सुटीच्या दिवशी ‘आठवड्याची तयारी’ करा असं सगळे सांगतात, आणि बायका रविवारी सहा तास ओट्याशी उभ्या राहून सोमवारी आणखी दमलेल्या उठतात. मी तीनच गोष्टी सांगेन, मिळून तासाभराच्या. चार मोठे कांदे आणि वाटीभर सुकं खोबरं लालसर भाजून, आलं-लसूण घालून वाटण करा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. गोठले की पिशवीत काढा, महिनाभर टिकतात. रश्श्याला माणशी एक तुकडा धरा. दुसरं, शनिवारी रात्री मटकी भिजत घाला, रविवारी सकाळी फडक्यात बांधून ठेवा, सोमवारी मोड येतात, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते. बुधवारची उसळ झाली. तिसरं, लसूण सोलून ठेवा. लसूण सोलायला लागणारी पाच मिनिटं हेच पार्सल मागवायचं सगळ्यात मोठं कारण आहे, असं माझं ठाम मत आहे. याउपर भाज्या चिरून डबे भरून ठेवू नका, तिसऱ्या दिवशी त्यांना पाणी सुटतं आणि मग टाकवतही नाही, खाववतही नाही.

एक सावधगिरी भाताची. फोडणीचा भात आपल्या सगळ्यांचा लाडका, पण भात ओट्यावर रात्रभर ठेवून सकाळी फोडणीला टाकायची जुनी सवय सोडा. शिजवताना न मरणारे काही जिवाणू उबदार भातात वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. तास-दोन तासांच्या आत पसरट डब्यात निववून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी चांगला वाफाळून.

आता घरातल्या माणसांकडे येते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं असं दिसलं. त्यातही दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात २७ टक्क्यांच्या आसपास. हे आकडे नवऱ्याच्या तोंडावर मारायला देत नाही. तो साडेआठला दमूनच येत असेल. पण पाच रात्रींपैकी एक पूर्ण त्याची आणि शनिवार-रविवारातली एक त्याची, एवढं मागायला हरकत नाही. ‘मदत’ मागू नका. मदत म्हणजे तुम्ही सांगायचं आणि त्याने करायचं, ठरवण्याचं ओझं पुन्हा तुमच्याच डोक्यावर. त्याचा वार म्हणजे काय करायचं हे त्याने ठरवायचं, कोथिंबीर आहे की नाही हे त्याने बघायचं, ओटा त्याने पुसायचा. साडेआठला आल्यावर काय जमेल? पिठी जमेल. अंडी जमतील. कुकर मुलाने आणि आजीने मिळून आधी लावलेला असेल तर खिचडीला फक्त वाढायचं उरतं.

मात्र त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात जायचं नाही. हे मी स्वतः चुकून शिकले. आमच्या ह्यांनी लग्नाच्या सातव्या की आठव्या वर्षी एका रात्री पिठलं केलं. गुठळ्या झाल्या होत्या, मीठ जास्त होतं. मी दारात उभी राहून आधी गॅस बारीक करायला सांगितलं, मग पळी हातातून घेतली, आणि मुलांना वाढताना “बाबांचं पिठलं बघा” म्हणून हसले. त्यानंतर वर्षभर त्यांनी कढई धरली नाही, आणि त्या वर्षभर मी मैत्रिणींना सांगत होते की आमच्याकडे पुरुष काही करत नाहीत. गुठळ्यांचं पिठलं खाऊन कोणी मरत नाही. करेल तो ठरवेल, आणि त्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी बोलायचं नाही, असा नियम करून टाका. तो मुलांनाही लागू आणि सासूबाईंनाही.

अकरा वर्षांच्या मुलाला डाळ-तांदूळ धुऊन पाणी मोजून कुकरमध्ये घालता येतं. गॅस पेटवताना मोठं माणूस शेजारी हवं, आणि तुमच्याकडे ते माणूस संध्याकाळी घरातच असतं. सासूबाईंचे गुडघे गेलेत, हात गेलेले नाहीत. त्यांना उभं करू नका. पण जेवणाच्या टेबलाशी बसून लसूण सोलणं, मटकी निवडणं, नातवाला “अजून अर्धी वाटी पाणी घाल” सांगणं हे त्यांना जमेल आणि बहुतेक आवडेल. पार्सलमुळे त्यांच्या हातातलं उरलंसुरलं कामही गेलंय, हे तुमच्या पत्रात कुठे नाही, पण मला ते ओळींच्या मधे दिसलं. विचारा मात्र. गृहीत धरून त्यांच्यासमोर परात ठेवलीत तर वेगळंच महाभारत होईल, आणि नकार आला तर तोही मान्य करायचा.

बाहेरून मागवणं बंद करू नका. वार ठरवून मागवा. रविवारी मुलांनी निवडायचं, सगळ्यांनी एकत्र बसून खायचं, सासूबाईंना ताकभात हवा तर ताकभात. त्या दिवशी मनात हिशेब नको. मंगळवारी रात्री सव्वाआठला हरल्यासारखं मागवलेलं आणि रविवारी हौसेने मागवलेलं, पदार्थ तोच असला तरी घशाखाली वेगळा उतरतो. आणि एखाद्या आठवड्यात सगळंच कोसळलं, गाडी दीड तास कळव्याला अडकली, तर दूध-पोळी-गूळ हेही जेवण आहे. केळं असेल तर मेजवानी.

इतर ज्यांनी असंच कळवलं आहे (पुण्याहून एक आजोबा आहेत, मुलगी रात्रपाळीला असते म्हणून दोन नातवंडांचं जेवण तेच बघतात) त्यांनीही पाच वारांचा कागद करून फ्रिजवर लावावा. पदार्थ माझेच हवेत असं नाही. विदर्भातल्या घरात मंगळवारी पिठीऐवजी झुणका असेल, देशावर ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, खानदेशात कळण्याची भाकरी. परदेशात असाल आणि भाजणी मिळत नसेल तर बेसन, ज्वारी आणि तांदळाच्या पिठाची धिरडी. कसोटी तीच: चिरायचं एक, भांडी दोन.

तुम्ही पहिल्या आठवड्यात पाचही वार लावायला जाऊ नका, ताई. सोमवारची खिचडी आणि मंगळवारची पिठी, बस. बाकीच्या दिवशी जे चाललंय ते चालू दे. आज रात्री फक्त तो कुळथाच्या पिठाचा डबा उघडून बघा. जाळी दिसली तर टाकून द्या. डोंबिवलीत कोकणी माल ठेवणाऱ्या दुकानात अर्धा किलो मिळेल. आणि पहिल्यांदा करताना माझं प्रमाण वापरू नका. लसूण किती, आमसुलं किती, खोबरं घालायचं की नाही ते सासूबाईंना विचारा. राजापूरकडच्या आहेत, मी वर लिहिलेल्यात त्या दोन तरी चुका काढतील. काढल्या तर मला कळवा.